बुलेट ट्रेनचं नाक एवढं लांब कशाला? (माझ्या मते निव्वळ दिखावा)

खडखडाट
नमस्कार मंडळी. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनची बातमी आली की सोबत त्या हिरव्या जपानी ई५ गाडीचा फोटो असतोच. नाक १५ मीटर लांब. खाली कोणीतरी "हवा कापत जाते" असं लिहितो आणि बाकीचे माना डोलावतात.

मला हे पटत नाही. फ्रेंचांनी ३ एप्रिल २००७ रोजी आपली वेगवान गाडी टीजीव्ही ५७४.८ किमी वेगाने पळवली. तिचं नाक बघा, आखूड. ई५ प्रवासी घेऊन ३२० ने जाते. म्हणजे कमी पळणारीचं नाक लांब आणि जास्त पळणारीचं आखूड! वर त्या नाकापायी ई५ च्या पहिल्या डब्यात फक्त २९ सीट उरतात. आपल्याकडे तेवढ्या जागेत किती माणसं मावतात ते अंधेरीला विचारा.

तर माझं मत: लांब नाक हे मार्केटिंग आहे. जाणकारांनी खोडून काढावं.

पार्सल डबा
पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे.

आठ सतराची स्लो
हे तर सगळ्यांना माहीत आहे ना? खंड्या पक्षी. जपानमधले एक इंजिनिअर पक्षीनिरीक्षक होते, त्यांनी खंड्याला पाण्यात सूर मारताना पाहिलं, पाणी अजिबात उडालं नाही, म्हणून गाडीला तशी चोच लावली. माझ्या मुलीच्या शाळेच्या प्रोजेक्टमध्ये होतं हे.

पार्सल डबा
किंगफिशर म्हटल्यावर मला वेगळंच काहीतरी थंडगार आठवलं. असो.

वारामापक
खडखडाट, तुमचं अर्धं निरीक्षण अचूक आहे: ते नाक वेगासाठी नाही. पण दिखाव्यासाठीही नाही. ते बोगद्यासाठी आहे.

आधी "हवा कापण्या"चं बघू. गाडीला होणाऱ्या विरोधाचं जुनं सूत्र डेव्हिस यांचं, १९२६ चं: एक स्थिर भाग, एक वेगाच्या प्रमाणात वाढणारा, एक वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढणारा. तिसरा भाग हवेचा. ३०० च्या आसपास एकूण विरोधाचा बहुतांश वाटा त्याचाच असतो. १६० वरून ३२० वर गेलात की हवेचा विरोध चौपट होतो आणि त्यावर मात करायला लागणारी शक्ती आठपट.

पण हा विरोध कुठे निर्माण होतो? १६ डब्यांची शिंकान्सेन, म्हणजे जपानी बुलेट ट्रेन, ४०० मीटर लांब असते. तिच्या कुशी, छत आणि पोट यांना हवा घासत जाते, डब्याखालच्या चाकांच्या सांगाड्यांच्या खाचांत घुसते, डब्यांमधल्या फटींत अडकते, छतावरून तारेतली वीज घेणाऱ्या पँटोग्राफला धडकते. या सगळ्यापुढे नाकाचा हिस्सा लहान असतो. नाक बऱ्यापैकी गोलाई असलेलं असलं, की ते आणखी ताणून विरोधात फार फरक पडत नाही. म्हणून तर शिंकान्सेनच्या एन७०० मालिकेत दोन डब्यांमधली फट चहूबाजूंनी आवरणाने बुजवली. फोटोत ते कोणाला दिसत नाही, पण विजेच्या बिलात दिसतं.

विक्रमी टीजीव्हीबद्दल: ती फक्त पाच वाहनांची गाडी होती, दोन टोकांना इंजिनं आणि मध्ये तीन डबे. घासायला अंगच कमी.

खडखडाट
म्हणजे मी बरोबर आहे. :)
पण बोगद्याचं काय ते सांगा. बोगदे फ्रान्समध्येही असतील की.

वारामापक
घराची सगळी दारं-खिडक्या लावलेल्या असताना एका खोलीचं दार धाडकन आपटा. पलीकडच्या खोलीचं दार थरथरतं. मधल्या हवेला निसटायला जागा नसते, म्हणून दाबाची लाट थेट पलीकडे पोचते. गाडी बोगद्यात शिरते तेव्हा हेच होतं. समोरची हवा बाजूला सरकू शकत नाही, दाबाची लाट तयार होते आणि आवाजाच्या वेगाने, म्हणजे सेकंदाला सुमारे ३४० मीटरने, पुढे निघते. गाडी मागे राहते, लाट आधी पलीकडच्या तोंडाशी पोचते. बाहेर पडताना तिचा काही भाग स्फोटासारखा आवाज होऊन फुटतो.

१९७५ मध्ये सान्यो मार्ग ओकायामाच्या पुढे हाकातापर्यंत गेला, तेव्हा जपानला हा प्रकार ठळकपणे जाणवला. बोगद्याच्या तोंडाजवळ राहणाऱ्यांच्या खिडक्या थडथडायच्या. गाडी अजून बोगद्यातच आणि बाहेर धडाम!

आता गंमत अशी की बाहेरचा आवाज लाटेच्या उंचीवर ठरत नाही, तिच्या चढावर ठरतो. दाब किती वाढला यापेक्षा किती झटकन वाढला, हे महत्त्वाचं. दाब वेगाच्या वर्गाने वाढतो आणि चढ घनाने. म्हणून २२० ला जो आवाज दुर्लक्षिता येत होता तो ३०० ला असह्य होतो.

नाक लांब केलं की काय होतं? ३२० ने १५ मीटर नाक आत जायला ०.१७ सेकंद लागतात, पाच मीटरचं नाक ०.०६ सेकंदात आत जातं. दाब शेवटी तेवढाच वाढतो, पण जवळपास तिप्पट वेळ घेऊन. चढ मंदावतो, धडाम कमी होतं. नाकाचं मुख्य काम एवढंच.

नागोयाची सून
वारामापक, दंडवत. इतकी वर्षं इथे राहते, रोज बघते, पण हे कोणी असं सांगितलं नव्हतं. बोगद्यांच्या तोंडाशी काँक्रीटचं एक लांब टोपरं असतं, त्याला खिडक्या ठेवलेल्या असतात. ते दरड अडवायला असेल असं आम्ही धरून चाललो होतो. तेही याचसाठी का?

वारामापक
दरडीसाठीही कुठे कुठे छप्पर करतात, पण खिडक्या असलेलं टोपरं बहुतेक याचसाठी. त्याला हुड म्हणतात. खिडक्यांतून थोडी थोडी हवा बाहेर जाते, त्यामुळे दाब एकदम न चढता टप्प्याटप्प्याने चढतो. नाक गाडीला लावा किंवा बोगद्याला, तत्त्व एकच.

गटिंगनवासी
एक भर. "फ्रान्समध्येही बोगदे असतील" याचं उत्तर बोगद्याच्या आकारात आहे. शिंकान्सेनच्या दुहेरी मार्गाच्या बोगद्याचं छेदक्षेत्र (आडव्या कापाचं क्षेत्रफळ) साधारण ६३-६४ चौरस मीटर. जर्मनीत हानोफर-व्युर्त्सबुर्ग मार्गावर ८२ आणि पुढच्या मार्गांवर ९२. गाडीचं छेदक्षेत्र ११ च्या आसपास धरलं, तर जपानी बोगद्यात गाडी सतरा-अठरा टक्के जागा अडवते, जर्मन बोगद्यात बारा टक्के. ३२० ला दाबाची उडी जपानी बोगद्यात सव्वादोन किलोपास्कलच्या घरात येते, जर्मन बोगद्यात दीडच्याही खाली. (लाटेच्या साध्या सूत्राने काढलेले आकडे आहेत, टोपरं वगैरे धरलेलं नाही.)

पण जर्मन सुटले असं समजू नका. न्युर्नबर्ग-इंगोलश्टाट मार्ग २००६ मध्ये सुरू झाला. त्याआधीच्या चाचण्यांत ऑयरवांग आणि इर्लाह्युल या सव्वासात ते पावणेआठ किलोमीटरच्या बोगद्यांत हाच धडाम आढळला आणि आत ध्वनिशोषक बसवावे लागले. एवढे रुंद बोगदे असूनही! दोष रुळांखालच्या काँक्रीटचा.

आठ सतराची स्लो
काँक्रीटचा कसा काय? रूळ तर रूळ.

गटिंगनवासी
खडीत पोकळ्या असतात. लाट जाताना त्या पोकळ्यांत तिची ताकद मुरते, चढ बोथट होतो. गुळगुळीत स्लॅब ट्रॅकवर, म्हणजे खडीऐवजी काँक्रीटवर बसवलेल्या रुळांवर, तसं होत नाही. उलट लाट जसजशी पुढे जाते तसतशी जास्त उभी होत जाते, कारण लाटेचा जास्त दाबाचा भाग किंचित गरम असतो, तिथली हवा आधीच पुढे सरकत असते, त्यामुळे तो पुढच्या भागाला गाठू पाहतो. लांब बोगदा आणि स्लॅब ट्रॅक हा योग वाईट. जपानच्या तोकाइदो मार्गावर खडी आहे, सान्योवर स्लॅब आले आणि दुखणं सुरू झालं.

खडखडाट
थांबा थांबा. मग आपल्याकडे बीकेसी ते शिळफाटा २१ किमीचा बोगदा, त्यातले ७ किमी ठाण्याच्या खाडीखाली. दोन्ही मार्ग एकाच नळीत. आणि रूळ जपानी पद्धतीच्या स्लॅबवर. म्हणजे सगळे वाईट योग एकत्र?

वारामापक
योग आहेत, पण दुसरी बाजूही बघा. इतक्या लांब अंतरात भिंतींशी घर्षण होऊन लाट विरतेही. आणि गाडी बोगद्यात शिरते त्या क्षणीचा वेग मोजायचा, मार्गावरचा कमाल वेग नाही. बीकेसी स्थानक जमिनीखालीच आहे, तिथून निघणारी गाडी शून्यापासून वेग घेते. शिळफाट्याच्या बाजूने येणारी गाडी ठाण्याला थांबून आली असेल तर तीही अजून वेग पकडत असेल. न थांबणारी गाडी हा खरा कसोटीचा प्रसंग.

खडखडाट
बघा, म्हणजे मुंबईच्या टोकाला ते नाक रिकामंच मिरवणार. आपला बोगदा नवा आहे. जपानचे साठ-सत्तरच्या दशकातले बोगदे पाडून रुंद करता येत नाहीत हे समजू शकतो. आपण नवीन खोदतोय तर रुंद खोदा, आखूड नाकाची गाडी घ्या, पहिल्या डब्यात माणसं बसवा.

शिळफाटा रहिवासी
खोदकामाचा खर्च कोण देणार, तुम्ही? मी इथे राहतो. तिकिटाला चार सीट कमी पडल्या तरी चालतील, रात्री खिडक्या थडथडायला नकोत.

खडखडाट
रात्री गाडी चालणार नाही हो, जपानमध्येही मध्यरात्री ते सकाळी सहा बंद असते.

शिळफाटा रहिवासी
मग पहाटे सहाला थडथडतील. माझा मुद्दा तोच.

निवृत्त गार्ड
चर्चा छान चालली आहे. कोकण रेल्वेवर नोकरी झाली, म्हणून दोन शब्द. करबुडे बोगदा साडेसहा किलोमीटरचा, उक्षी आणि भोके यांच्या मध्ये. गाडी आत शिरली की साध्या डब्यात कानाला दडे बसतात, उघड्या खिडकीशी बसलेली पोरं कान दाबून हसायला लागतात. आमचा वेग तो काय, ताशी शंभरच्या आसपास. पण बोगदा एकेरी मार्गाचा, अरुंद. डबा आणि भिंत यांत हवा किती राहणार?

दुसरं म्हणजे वारा. रत्नागिरीजवळचा पानवलचा पूल ६४ मीटर उंच. तिथे वारा मोजायचं यंत्र बसवलं आहे. वारा ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला की गाडी पुलाआधी थांबवतात. प्रवासी आम्हाला विचारायचे, पाऊस नाही, सिग्नल दिसतोय, मग थांबलो का? त्यांना काय सांगणार की वारा उतरायची वाट बघतोय.

गटिंगनवासी
काका, फार महत्त्वाचा मुद्दा काढलात. लोकांना पुढून येणारी हवा दिसते, गाडी उलटवतो तो कुशीवरचा वारा. जपानमध्ये २८ डिसेंबर १९८६ रोजी आमारुबेच्या पुलावरून रिकामी गाडी वाऱ्याने खाली फेकली गेली होती. २५ डिसेंबर २००५ ला इनाहो एक्सप्रेस वादळी वाऱ्यात घसरली, पाच जण गेले. चीनमध्ये शिनजियांगच्या मार्गावर वारा अडवायला रुळांच्या कडेने भिंतीच बांधल्या आहेत. गाड्या हलक्या होत चालल्या आहेत, त्यामुळे वेगाइतकाच याचाही अभ्यास होतो.

पार्सल डबा
आणि आपल्याकडे कुशीवरून म्हैस येते. ऑक्टोबर २०२२ मध्ये अहमदाबादजवळ वंदे भारतच्या नाकाचं काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं. दुसऱ्या दिवशी नवं नाक लावून गाडी हजर. म्हशींच्या वायुगतिकीवर कोणी पीएचडी करतंय का?

आठ सतराची स्लो
हहपुवा (हसून हसून पुरेवाट).
पण माझ्या खंड्याचं काय झालं? कोणी बोलतच नाही.

वारामापक
खंड्याची गोष्ट खरी आहे, फक्त व्हॉट्सॅपवर तिचा क्रम उलटा होतो. जपानी रेल्वे कंपनी जेआर वेस्टचे एइजी नाकात्सु, शिंकान्सेनच्या ५०० मालिकेच्या विकासातले प्रमुख. ते पक्षीनिरीक्षक होते हेही खरं. पण पक्षी पाहिला आणि गाडी बनवली इतकं ते सोपं नव्हतं. वेगवेगळ्या आकारांच्या गोळ्या नळीत सोडून दाबाच्या लाटा मोजल्या, संगणकावर आकडेमोड केली, आणि जो आकार चांगला ठरला तो खंड्याच्या चोचीशी जुळणारा निघाला. मार्च १९९७ मध्ये ५०० मालिका ३०० ने धावू लागली, नाक १५ मीटर. पँटोग्राफचा आवाज कमी करायला घुबडाच्या पिसांवरच्या दातेरी कडांपासून कल्पना घेतली, तो भाग मला जास्त थेट वाटतो.

माझी तक्रार वेगळी आहे. खंड्याला भेटतं ते पाणी, हवेच्या आठशेपट दाट. गाडीला भेटते तीच हवा, पण कोंडलेली. दोन्हींत साम्य एवढंच की छेद हळूहळू वाढत जातो. बोगद्यातल्या लाटेला आकार फारसा दिसतच नाही, नाकाच्या टोकापासून मागे छेदक्षेत्र कसं वाढत जातं तेवढं दिसतं. म्हणून नंतरची ७०० मालिका बदकाच्या चोचीसारखी चपटी, नाक ९.२ मीटर. एन७०० चं १०.७ मीटर आणि तो आकार संगणकावर जनुकीय अल्गोरिदम चालवून शोधलेला. तिथे कुठलाच पक्षी नव्हता, आणि आखूड नाकात पहिल्या डब्यातल्या सीट परत आल्या. खडखडाट, तुमच्या २९ सीटच्या दुःखावर जपान्यांनीही काम केलं आहे.

आठ सतराची स्लो
मुलीला सांगणार नाही. प्रोजेक्टला पैकीच्या पैकी मिळाले होते.

नागोयाची सून
सीटचा विषय निघालाच आहे तर: मला शेवटच्या डब्यात बसायला आवडत नाही. बोगद्यात तो डबा डावी-उजवीकडे हलतो, कॉफी हिंदकळते. नवऱ्याला हे माझे चोचले वाटतात.

वारामापक
चोचले नाहीत, नवऱ्याला हा प्रतिसाद दाखवा. गाडीच्या अंगाशी घासणारी हवेची साय मागे जाता जाता जाड होत जाते, शेवटच्या डब्याशी ती मीटरभराच्या पुढे गेलेली असते. दुहेरी बोगद्यात गाडी मधोमध नसते, एका भिंतीला जवळ असते. त्या बाजूला भोवरे तयार होऊन शेवटच्या डब्यांना ढकलत राहतात. जपानमध्ये यावर बरंच संशोधन झालं आहे. ई५ च्या सगळ्या डब्यांना धक्के ओळखून उलट जोर लावणारं सक्रिय सस्पेन्शन दिलं आहे.

आणि एक. फलाटावरून वेगवान गाडी न थांबता गेली की सगळे नाकाच्या वेळी मागे सरकतात आणि मग पुन्हा पिवळ्या रेषेशी येतात. हायस्पीड गाडीच्या बाबतीत सर्वांत जोरदार झोत बहुतेकदा शेपूट गेल्यानंतर येतो. गाडी गेली म्हणून लगेच पुढे येऊ नका.

निवृत्त गार्ड
हे शंभर टक्के. झेंडा हातात धरून उभं राहणाऱ्याला विचारा.

तिसरं वर्ष मेकॅनिकल
सर्व दिग्गजांना नमस्कार. मला प्रोजेक्टसाठी हाच विषय घ्यावासा वाटतोय. कॉलेजच्या लॅबमध्ये छोटा विंड टनेल आहे, लाकडी मॉडेल ठेवून नाकाचे आकार तपासता येतील का? नाहीतर सीएफडी (संगणकावर हवेच्या प्रवाहाची आकडेमोड) करतो. ३२० किमी म्हणजे माख ०.२६ (आवाजाच्या वेगाच्या ०.२६ पट), ०.३ च्या खाली, म्हणजे हवा असंपीड्य (दाबली न जाणारी) धरली तर चालेल ना?

वारामापक
नाही चालणार, आणि हा प्रश्न विचारलात हे फार बरं झालं. ०.३ चा नियम उघड्यावरच्या प्रवाहासाठी. असंपीड्य धरलंत की आवाजाचा वेग अनंत झाला. मग बोगद्याच्या एका टोकाला दाब वाढला की त्याच क्षणी दुसऱ्या टोकाला. लाटच उरली नाही. ज्याचा अभ्यास करायचा तेच पुसून टाकलंत. संपीड्य सॉल्व्हर घ्या, आणि वेळेनुसार सोडवा.

विंड टनेलचा इथे उपयोग नाही. त्यात मॉडेल स्थिर आणि हवा फिरती. बोगद्यात शिरण्याचा क्षण त्यात घडवता येत नाही. त्यासाठी मॉडेलच फेकावं लागतं.

गटिंगनवासी
अगदी. बर्मिंगहॅम विद्यापीठाचा डर्बीला १५० मीटर लांब ट्रॅक आहे, त्यावर १/२५ मापाच्या गाड्या सेकंदाला ७५ मीटरपर्यंत सोडतात. इथे गटिंगनला जर्मन अवकाश संस्थेचीही अशी सोय आहे, मॉडेल गोफणीसारख्या यंत्रणेने बोगद्यात फेकतात. विंड टनेल लागतो तो आवाज आणि विरोधासाठी. जपानमध्ये माइबाराला खास कमी आवाजाचा आहे, ४०० किमीपर्यंत वारा सोडणारा. तिथला आटापिटा मुख्यतः आवाजासाठी, कारण १९७५ पासून तिथे वस्तीत ७० डेसिबलची मर्यादा आहे.

जाता जाता: बाउंडरी लेयरची (वर सांगितलेल्या हवेच्या सायीची) कल्पना मांडणारे प्रांटल १९०४ मध्ये याच गावात प्राध्यापक म्हणून आले. सायकलवरून जाताना मला रोज थोडं दडपण येतं.

पार्सल डबा
एवढं सगळं करण्यापेक्षा बोगद्यातली हवाच काढून टाका. हायपरलूप! पुणे-मुंबई पंचवीस मिनिटांत येणार होता, कुठे अडकला?

वारामापक
हवा पूर्ण निघत नाही, हाच घोळ. उरलेल्या विरळ हवेत डबा नळीची बरीच जागा अडवत असेल तर एका वेगानंतर बाजूने हवा जाऊच शकत नाही, समोर साचत जाते. याला कँट्रोवित्झ मर्यादा म्हणतात. मग नळी मोठी करा, नाहीतर डबा लहान. फिरून बोगदा किती रुंद, याच प्रश्नावर येतो. बाकी पुण्याची घोषणा करणारी कंपनी २०२३ च्या शेवटी बंद झाली.

खडखडाट
तर एकूण: नाक वेगासाठी नाही, शेजाऱ्यांसाठी आहे. माझं "दिखावा" मागे घेत नाही, कारण आपल्या नव्या मार्गावर नेमकं किती नाक लागतं याचा हिशोब इथे अजून कोणी दिलेला नाही.

शिळफाटा रहिवासी
तुम्ही इकडे फ्लॅट घ्या, मग हिशोब बोलू.

तिसरं वर्ष मेकॅनिकल
वारामापक सर, पूर्ण त्रिमितीय करायला लॅबचे संगणक पुरणार नाहीत. आणि गाईड म्हणतात ट्रेन नको, ड्रोन घे, त्याला सध्या मागणी आहे.

वारामापक
त्रिमितीय करूच नका. अक्षसममित घ्या: गोल बोगदा, गोल गाडी, मधोमध. नाकाचे तीनच आकार: शंकू, परवलयज, लंबगोलज. लांबी तिघांची सारखी, अडवलेली जागा सारखी. तोंडापासून थोडं आत एका बिंदूवर दाब नोंदवा आणि त्याचा वेळेनुसार चढ काढा. मग लांबी दुप्पट करून पुन्हा. लॅपटॉपवर होईल. जपानी संशोधकांनी नव्वदच्या दशकात नेमकी हीच तुलना केली होती, त्यामुळे ताडून बघायला उत्तरही तयार आहे. गाईडना ड्रोनचा प्रोजेक्ट मित्राकडून दाखवा.

खडखडाट
आणि चौथी केस माझ्यातर्फे घाला: बोगदा दीडपट रुंद, नाक पाच मीटर. आकडे इथेच टाका.

तिसरं वर्ष मेकॅनिकल
घालतो सर. सबमिशन एप्रिलमध्ये आहे, धागा तोवर वर ठेवा.